निगा राखलेला एडिटर

कोणता टेक्स्ट एडिटर घेऊ, असं कुणी विचारलं की माझं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. हलका घ्या, झटकन उघडणारा घ्या, आणि एकदा बसवला की त्याला हात लावू नका. अपडेटची खिडकी आली तर बंद करा. तो एडिटर सध्या कोण सांभाळतंय, त्याची शेवटची आवृत्ती कधी आली, हे बघायला मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आता मी सगळ्यात आधी तेच बघायला सांगते. वेग, आकार, दिसणं हे सगळं त्यानंतर. माझा जुना सल्ला मानून चालणारी बरीच मंडळी आजही आहेत आणि त्यांचं काम बहुतेक मराठीतच चालतं. म्हणून हे मत का बदललं ते त्यांना नीट सांगायला हवं.

माझं काम मजकुराचं. दिवाळी अंकांसाठी आणि पुस्तकांसाठी आलेला मजकूर साफ करायचा आणि मांडणी करणाऱ्याकडे पाठवायचा. कुणी वर्डमध्ये पाठवतं, कुणी व्हॉट्सॲपवर, कुणी ईमेलमध्येच चिकटवून देतं. श्रीलिपीत टंकलेला जुना मजकूर अजूनही येतो. तो युनिकोडमध्ये बदलून घेतला की रफार भलत्याच अक्षरावर जातात, मधेच एखादं रोमन अक्षर डोकावतं, अवतरणचिन्हांच्या जागी काहीतरी तिसरंच येतं. हे वर्डमध्ये साफ करायला गेलं तर फॉन्ट, स्टाइल, रंग, तक्ते असं सगळं मध्ये येतं. एडिटरमध्ये फक्त अक्षरं उरतात, आणि मला हवी असतात तीही तेवढीच. त्यामुळे दिवसभर एडिटर उघडाच असतो.

जुन्या मतामागे कारणं होती आणि ती मला आजही पोकळ वाटत नाहीत. साधा मजकूर हा संगणकावरचा सगळ्यात टिकाऊ प्रकार आहे. बिल जॉयने 1976 साली व्हीआय हा एडिटर लिहिला. त्याच्या चाव्या ज्याच्या बोटांत बसल्या त्याचं आज कुठल्याही लिनक्सवर अडत नाही. अक्षरं दाखवायची, शोधायची, बदलायची, जतन करायची, एवढं काम ठरलेलं असेल तर ते करणारं सॉफ्टवेअर एक दिवस पूर्ण होतं आणि त्यानंतर त्याला हात लावला की ते बिघडतं, असं मी मानत होते. त्यात अपडेटची धास्तीही खरी. गणपती झाले की दिवाळी अंकांची कामं अंगावर येतात. त्या दिवसांत एखादा मेनू जागचा हलला, नेहमीचं प्लगइन चालेनासं झालं, तर अंक छापखान्यात जायला उशीर होतो. म्हणून जे चालतंय ते चालू द्यावं.

या विचाराला पहिला धक्का मराठीनेच दिला.

‘ॲ’ हे अक्षर घ्या. युनिकोडमध्ये ते 2008 साली आलं, 5.1 या आवृत्तीत. त्याआधी ‘अ’ टंकायचा आणि त्यावर चंद्र द्यायचा. पुढे 2009 च्या शासन निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ मराठी वर्णमालेत घेतले. म्हणजे एखादा एडिटर 2007 साली ‘पूर्ण’ झाला असेल, तर आज शाळेत शिकवलं जाणारं हे अक्षर त्याच्या कोष्टकात नोंदलेलंच नाही. ते अक्षर आहे हेच त्याला ठाऊक नसेल, तर पूर्ण शब्द शोधताना किंवा शब्दावर दोनदा क्लिक करताना तो शब्द तिथेच तोडू शकतो. साधा मजकूर बदलत नाही हे माझं म्हणणं इथे अपुरं पडलं. आपली लिपी संगणकावर अजून घडते आहे.

दुसरं उदाहरण ‘ऱ्य’चं. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला तो डोळ्याच्या पापणीसारखा र. हा र फाइलमध्ये दोन तऱ्हांनी येतो. एकात नुक्ता असलेला ऱ आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात नेहमीचा र, हलन्त, आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे म्हणतात तो न दिसणारा जोडणारा वर्ण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण एका लेखकाच्या कादंबरीत ‘दऱ्या’ शोधलं तर एकाच तऱ्हेचे सापडतात, दुसरे तसेच राहतात आणि थेट पुस्तकात जातात. ‘वाङ्‌मय’ या शब्दातही असाच एक न दिसणारा वर्ण बसलेला असतो, तोही कधी असतो, कधी नसतो. हे पकडायचं तर न दिसणारं दाखवणारा एडिटर हवा. नोटपॅड प्लस प्लसच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये ती सोय आहे. ‘व्ह्यू’ मेनूत जाऊन न छापली जाणारी चिन्हं दाखवायला सांगितलं की ‘दऱ्या’मध्ये जिथे तो लपलेला वर्ण असेल तिथे त्याचं नाव लिहिलेली बारीकशी चौकट उमटते. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा माझ्या कामातला मोठा वैताग समोर उघडा पडला. व्हीएस कोडमध्येही अशा अदृश्य वर्णांवर खूण करण्याची सोय 2021 च्या अखेरीस आली. अशा वर्णांआड प्रोग्रॅममध्ये घातक मजकूर लपवता येतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दाखवून दिलं होतं. कारण सुरक्षिततेचं होतं, पण फायदा मराठी मजकूर तपासणाऱ्यांनाही झाला. ‘हात लावू नका’ हा सल्ला पाळून जो जुन्या आवृत्तीवर थांबला, त्याच्यापर्यंत हे पोहोचलंच नाही.

देवनागरी पडद्यावर नीट उमटणं हेही एकट्या एडिटरच्या हातात नसतं. ‘क्षि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी दिसली पाहिजे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर गेला पाहिजे, ‘द्ध’ जुळला पाहिजे. ही जुळणी करणारं वेगळं इंजिन असतं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आज ते काम हार्फबझ करतं. फायरफॉक्समध्ये तेच, क्रोममध्ये तेच. जीएनयू ईमॅक्सचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. हा एडिटर 1985 पासून लोकांच्या हातात आहे, आणि 2020 साली आलेल्या त्याच्या 27 व्या आवृत्तीत अक्षरजुळणीसाठी हार्फबझ आलं. पस्तीस वर्षं जुनं सॉफ्टवेअर, तरी कुणीतरी बसून त्याचा इतका खोलवरचा भाग बदलला. जुनं असणं आणि सोडून दिलेलं असणं यांत केवढं अंतर आहे हे मला ईमॅक्सकडे पाहून कळलं. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, फुटकी कौलं बदलतात, पण घर तेच राहतं. एडिटरची देखभाल मी आता तशी समजते.

पण मत खऱ्या अर्थाने फिरलं ते एका उत्तरामुळे.

मी वापरत होते त्या छोट्या एडिटरमध्ये मराठीची एक खोड होती. ओळ लांब झाली की कर्सर दिसायचा एकीकडे आणि टंकलेलं अक्षर पडायचं दुसरीकडे. ओळीत जोडाक्षरं जितकी जास्त, तितकं हे अंतर वाढत जायचं. बहुधा प्रत्येक वर्णाची रुंदी स्वतंत्र मोजून तो कर्सरची जागा ठरवत असावा. ‘ष्ट्र’मध्ये पाच वर्ण असतात, पण पडद्यावर जागा एकाच अक्षराची. ओळीच्या शेवटी स्वल्पविराम द्यायला जावं आणि तो शब्दाच्या मधोमध पडावा. मी तक्रार लिहिली. तक्रारींच्या यादीत पाहिलं तर हीच अडचण हिंदीत, बंगालीत, नेपाळीत काम करणाऱ्यांनी आधीच मांडलेली होती, नमुन्याच्या ओळींसह, चित्रांसह. कुणालाच उत्तर नव्हतं. शेवटच्या आवृत्तीची तारीख पाहिली आणि उत्तर का नाही ते समजलं. लेखकाने कधीच काम थांबवलं होतं. त्यात त्याचा दोष नाही. फुकट दिलेल्या कामाला तो आयुष्यभर बांधील नव्हता.

पुढे दुसऱ्या एका एडिटरमध्ये मला मराठीचीच वेगळी अडचण आली. बॅकस्पेस दाबला की एक मात्रा जाण्याऐवजी कधीकधी अख्खं अक्षर जायचं. मी तशाच चार ओळी लिहून कळवलं. लवकरच उत्तर आलं. फॉन्ट कोणता, कळफलक इनस्क्रिप्ट की फोनेटिक, एक छोटी फाइल पाठवाल का? उत्तर देणाऱ्याला मराठी येत नव्हतं. मी फाइल पाठवली, प्रत्येक ओळीखाली काय व्हायला हवं आणि काय होतं ते लिहिलं. मधे त्याने पुन्हा दोन प्रश्न विचारले. नंतरच्या एका आवृत्तीच्या बदलांच्या यादीत त्या दुरुस्तीची एक ओळ होती. त्या ओळीचा फायदा देवनागरीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला झाला असणार, त्यांतल्या कुणाला ते कळलं नसेल तरी. दोन एडिटरमधला हा फरक मी अनुभवला, आणि त्यानंतर वेगाची तुलना करण्यात मला रस उरला नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मी फार काळ मनावर घेतला नव्हता. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये धोका तो कसला? 2019 च्या जूनमध्ये त्याचं उत्तर मिळालं. व्हिम आणि निओव्हिम या दोन्ही एडिटरमध्ये एक भोक सापडलं. विशिष्ट प्रकारे लिहिलेली टेक्स्ट फाइल नुसती उघडली तरी तिच्यातल्या आज्ञा तुमच्या संगणकावर चालू शकत होत्या. दुरुस्ती तयार होती, पण ती अपडेट घेणाऱ्यांनाच मिळाली. माझ्याकडे रोज अनोळखी लोकांकडून फायली येतात, त्यामुळे ही बातमी वाचल्यावर मी अपडेटची खिडकी बंद करणं सोडलं.

आता उलट बाजू. नोटपॅड प्लस प्लसच्या बाबतीत 2025 साली अपडेटची वाटच पळवली गेली. काही निवडक वापरकर्त्यांची अपडेटची मागणी हल्लेखोरांनी भलत्याच सर्व्हरकडे वळवली. माझ्या जुन्या मताच्या बाजूने याहून मोठा पुरावा नाही, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तरीही मी आजच्या मतावर ठाम आहे, कारण पुढे काय झालं तेही पाहायला हवं. डिसेंबरात आलेल्या 8.8.9 आवृत्तीपासून उतरवलेल्या फाइलची सही आणि प्रमाणपत्र तपासूनच अपडेट बसू लागलं आणि घडलेला प्रकार लेखकाने जाहीरपणे मांडला. हाच लेखक, डॉन हो, 2017 च्या मार्चमध्येही असाच वागला होता. सीआयएची म्हणून फुटलेली कागदपत्रं विकिलीक्सने प्रसिद्ध केली. त्यांत नोटपॅड प्लस प्लसची एक डीएलएल फाइल बदलून हेरगिरी करण्याची युक्ती होती. दुरुस्त केलेली आवृत्ती लगोलग आली. संकट कुठल्याही सॉफ्टवेअरवर येतं. त्या दिवशी जागेवर कुणी आहे का, हे मी पाहते.

मग मोठ्या कंपनीचा एडिटर घेतला की चिंता मिटली का? गिटहबने 2014 साली ॲटम लोकांपुढे आणला तेव्हा त्याचा केवढा बोलबाला होता. इलेक्ट्रॉन नावाच्या ज्या सांगाड्यावर आज व्हीएस कोडसह कितीतरी सॉफ्टवेअर उभी आहेत, तो मुळात ॲटमसाठी तयार झाला. 2018 साली मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतलं, आणि मायक्रोसॉफ्टकडे स्वतःचा व्हीएस कोड आधीपासून होता. जून 2022 मध्ये ॲटम थांबवत असल्याचं जाहीर झालं आणि 15 डिसेंबर 2022 ला तो बंद झाला. त्याच्या आधीच्या वर्षी ॲडोबीने ब्रॅकेट्स या आपल्या एडिटरचा पाठिंबा काढून घेतला होता. दोन्हींचे वारसदार स्वयंसेवकांनी पुढे चालवले, ही चांगली गोष्ट. पण पैसा आणि लोकप्रियता म्हणजे देखभाल नव्हे, हे त्यातून दिसलं.

त्याच्या शेजारी व्हिमची हकिकत ठेवा. ब्राम मोलेनार या डच प्रोग्रॅमरने 1991 साली व्हिम प्रसिद्ध केला आणि तीस वर्षांहून जास्त काळ तो सांभाळला. व्हिमचे पैसे ते स्वतःसाठी मागत नसत. आवडला तर युगांडातल्या मुलांसाठी मदत करा, असं ते सांगत. 3 ऑगस्ट 2023 रोजी त्यांचं निधन झालं. एका माणसाभोवती उभं राहिलेलं काम इथे थांबलं असतं तर नवल नव्हतं. पण अनेक वर्षं हातभार लावणारे ख्रिश्चन ब्राबांट पुढे आले, सोबतचे लोक राहिले, आणि 2 जानेवारी 2024 ला व्हिम 9.1 आला, ब्राम यांच्या स्मृतीला अर्पण केलेला. मराठीसाठी मी व्हिम सुचवत नाही. चौकटीत अक्षरं बसवण्याच्या त्याच्या पद्धतीत देवनागरी गुदमरते. पण एखादा एडिटर सांभाळला जातोय की नाही हे कशावरून ओळखायचं, ते मी व्हिमकडून शिकले. काम सोपवायला दुसरं माणूस तयार आहे का?

दर महिन्याला नवं काहीतरी आणणं म्हणजेही देखभाल नव्हे, हे इथे सांगायला हवं, नाहीतर माझं म्हणणं भलतीकडे जाईल. विंडोजचं नोटपॅड बघा. वर्षानुवर्षं ते युनिक्सच्या पद्धतीने ओळ तोडलेली फाइल एका सलग ओळीत दाखवायचं. ते 2018 साली सुधारलं. 2019 पासून ते आपणहून यूटीएफ-8 मध्ये जतन करू लागलं. हे मोठं काम झालं, कारण त्याआधी जतन करताना आलेला इशारा न वाचता पुढे गेलेल्याचा मराठी मजकूर प्रश्नचिन्हांच्या ओळी होऊन बसे. ही खरी निगा. नंतर आलेली, मजकूर आपोआप नव्याने लिहून देणारी बटणं मला त्या खात्यात मांडता येत नाहीत. म्हणून बदलांची यादी वाचताना मी नव्या वैशिष्ट्यांआधी दुरुस्त्या वाचते. चिल्लर दिसणाऱ्या दुरुस्त्यांनी भरलेली यादी दिसली की विश्वास बसतो.

एडिटर निवडण्याआधी फारसं काही करावं लागत नाही. शेवटची आवृत्ती गेल्या वर्षभरातली आहे का ते पाहा. तक्रारींच्या यादीत जाऊन ताज्या दहा-बारा नोंदींना कुणी उत्तर दिलंय का ते पाहा. उत्तर ‘नाही जमणार’ असलं तरी चालेल, शांतता नको. उत्तरं देणारी नावं एकाहून जास्त असावीत. आणि मग स्वतःची परीक्षा घ्या. एक छोटी फाइल करा, तिच्यात ‘ॲसिड’, ‘दऱ्या’, ‘वाङ्‌मय’, ‘राष्ट्रीय’, ‘क्षितिज’, ‘उद्ध्वस्त’ हे शब्द लिहा, शंभर वेळा चिकटवा, ओळी लांबच लांब करा. बाणाची चावी दाबत पुढे जा, बॅकस्पेस दाबत मागे या, मधला एक शब्द शोधून बदला, जतन करून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. पंधरा मिनिटांत तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात सापडणार नाही.

माझा स्वतःचा कौल असा आहे. लिनक्सवर काम करत असाल तर केट घ्या. केडीई समुदायाचा हा एडिटर दोन दशकांहून जास्त काळ चालू आहे, त्याच्या आवृत्त्या ठरलेल्या वेळापत्रकाने येतात, आणि तो विंडोजवरही चालतो. मी रोज तोच वापरते. विंडोजवर हलकं काही हवं असेल तर नोटपॅड प्लस प्लस. मात्र आवृत्ती 8.8.9 किंवा पुढचीच असू द्या आणि ती अधिकृत जागेवरूनच घ्या. जुन्या, कमी ताकदीच्या संगणकासाठी जीनी. प्रोग्रॅमिंगही करत असाल तर व्हीएस कोड, पण फक्त मजकुरासाठी तो मला जड वाटतो. ईमॅक्स शिकायला वेळ लागतो. तेवढा वेळ असेल तर जरूर शिका. मॅकवर बीबीएडिट 1992 पासून लोकांपुढे आहे. त्याचाच धाकटा भाऊ टेक्स्टरँग्लर मात्र थांबवला गेला, आणि 2019 पासूनच्या मॅकओएसवर 32-बिटची सॉफ्टवेअर चालेनाशी झाल्यावर तो उघडायचाही बंद झाला. तो वापरणाऱ्यांच्या फायली तशाच सुखरूप राहिल्या, बीबीएडिटमध्ये उघडल्या. एडिटर बदलणं अवघड नाही याचा हा चांगला दाखला.

आणि एक मागणं आहे. हे एडिटर सांभाळणाऱ्यांपैकी बहुतेकांना देवनागरी वाचता येत नाही. आपली अक्षरं कुठे तुटतात हे आपण सांगितलं नाही तर त्यांना कळायचा मार्ग नाही. मराठीत टंकताना काही चुकीचं दिसलं तर फक्त एडिटर बदलून मोकळे होऊ नका, तक्रार नोंदवा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. नमुन्याची फाइल द्या, फॉन्टचं नाव द्या, काय दिसायला हवं त्याचं चित्र द्या. आणि जो एडिटर तुम्ही दिवसभर वापरता त्याच्या देणगीच्या पानावर वर्षातून एकदा तरी जा.